जस्तवाले सर

आधीच सांगून ठेवते. माझं अक्षर ओळ सोडून खाली उतरतं आणि वेलांटी मी अंदाजानं देते, भाजीत मीठ टाकावं तशी. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते रेशनच्या सहीपुरतं. म्हणून जो कुणी हे वाचेल त्यानं राग धरू नये. खरं तर कुणी वाचूच नये. वही लेकीची आहे, गणिताची. मागची पानं कोरी होती. लिहून झालं की मी ती पिठाच्या डब्यामागं ठेवते.

सरांचं नाव लिहिणार नाही. आमच्या समोरच्या खोलीत ते तीन वर्षं भाड्यानं राहिले, तरी मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. मग पेनानं कशाला घेऊ? गाव त्यांना जस्तवाले सर म्हणायचं.

आमचं गाव परभणीहून पोखर्णीला जाताना लागतं. घर रस्त्याला लागून आहे. आमचे मालक, लेकीचे वडील, जीप चालवतात, परभणी ते पोखर्णी. मी भाकरीचे डबे करते. सर आले ते जीपमधूनच. नरसिंहाच्या दर्शनाला निघाले होते म्हणे. आमच्या घरासमोर जीप थांबली तशी खाली उतरले, अंगणातल्या न्हाणीच्या पत्र्याजवळ गेले आणि खिशातून चमचा काढून पत्र्यावर टकटक केलं. कान लावला. मग मला म्हणाले, "ताई, यावर जस्त चढवलेलं आहे. म्हणून हा गंजला नाही. खोली मिळेल का?"

मला वाटलं पत्रे विकणारा माणूस आहे.

नंतर कळलं की ते परभणीला कॉलेजात शिकवायचे आणि त्याच्याही आधी एका मोठ्या शहरात प्रयोगशाळेत होते. लग्न केलं नव्हतं. एक बहीण जिंतूरला होती. सामान काय, तर एक लोखंडी खुर्ची, एक पेटी, पुस्तकांची पोती आणि कापडात गुंडाळलेली दुर्बीण. ती लांबचं पाहायची नव्हे, बारीक पाहायची. चमचा मात्र कायम शर्टाच्या खिशात. जेवायचा चमचा वेगळा. बादली दिसली, पत्रा दिसला, कुणाच्या दारची कोठी दिसली की टकटक. लहान पोरं त्यांच्या मागं चमचे घेऊन फिरायची.

त्यांची एक खोड अशी होती की समोरच्यानं 'समजलं' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. काहीतरी सांगायचे, मग विचारायचे, "समजलं?" आपण हो म्हटलं की त्यांचं तोंड उतरायचं. "समजलं म्हणणारी माणसं लवकर घरी जातात," असं म्हणून खुर्ची फिरवायचे आणि भिंतीवर स्वतःच कोळशानं काढलेल्या गोलांकडे, त्यातल्या अक्षरांकडे तोंड करून बसायचे. कुणी म्हटलं, "न्हाई बा समजलं," तर मात्र खुश. "छान! काय नाही समजलं? बसा, बसा." गावात म्हणून त्यांच्याशी बोलायला फार कुणी थांबत नसे. न समजलेलं सांगायला वेळ कुणाला आहे?

मी नेहमी हो म्हणायचे. मला परक्या माणसाशी बोलायची लाज. दुकानदारानं चुकीचं सामान दिलं तरी मी घेऊन येते. सर ताट घ्यायला उंबऱ्याशी यायचे, भाकरी घेता घेता काहीतरी सांगायचे, मी पदर सारखा करत "हो सर, समजलं" म्हणायचे आणि आत पळायचे. ह्या एवढ्याशा 'हो'नं पुढं काय केलं ते लिहायलाच आज मी वही घेतलीय, पण हात दुसरंच लिहायला धावतो.

खाटकाचं आठवतं. आठवडी बाजारात एक खाटीक बसायचा, बोलायला मोठा फटकळ. सर शुद्ध शाकाहारी, कांदा सुद्धा चातुर्मासात सोडायचे. पण दर बाजाराला ओळीत उभे राहायचे आणि त्याला म्हणायचे, "बकऱ्याचं स्वादुपिंड द्या. ताजं. आतड्याच्या वळणाला चिकटलेलं असतं, फिकं, जिभेसारखं."

खाटीक म्हणायचा, "सर, काळीज घ्या, खिमा घ्या. हे कुत्र्याला टाकायचं कशाला मागायलाव? आन् खात तर न्हाई तुमी!"

"खायला नको. पाहायला पाहिजे."

"पाहायला?" खाटीक गिऱ्हाइकांकडे वळायचा. "बघा हो. लोकं पोरगी पाहायला जातेत, सर पिंड पाहायला येतेत."

ओळीतली माणसं हसायची. सर पण हसायचे, पैसे द्यायचे आणि पुडी घेऊन भर उन्हात पळत यायचे, कारण ते शिळं होऊन चालत नसे. खोलीत आल्यावर बारीक तुकडा कापायचा, काचेवर घ्यायचा, वर हिरवट काळं पाणी सोडायचं.

एकदा त्यांनी मला बोलावलं. मी उंबऱ्यावरूनच वाकून त्या दुर्बिणीला डोळा लावला. आधी नुसता अंधार. मग आपलीच पापणी दिसली. मग एकदम दिसलं. पिठासारखं फिकं, पसरलेलं, आणि त्यात मधेमधे लाल ठिपके. ज्वारीच्या पिठात कुणी कुंकू सांडावं तसे.

"ते लाल आहे तिथे जस्त आहे," सर हळू आवाजात म्हणाले. देवळात बोलतात तसं. "हा रंग जस्ताला भेटला की लाल होतो. आणि जस्त तिथेच का साठलंय? कारण त्या ठिपक्यांत इन्सुलिन तयार होतं. तुमच्या मॅडम रोज टोचून घेतात तेच."

मॅडम म्हणजे माझी लेक. दहा वर्षांची असताना तिला साखर निघाली. पाणी प्यायची, लघवीला जायची, वाळून काडी झाली. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मभर इंजेक्शन, सकाळी आणि संध्याकाळी. त्यानंतर वर्षभरानं सर आले. आमच्याकडं तेव्हा फ्रीज नव्हता. आम्ही बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून छोट्या मडक्यात ठेवायचो, ते मडकं मोठ्या मडक्यात आणि मधे ओली वाळू. गावात लाइट असते-नसते, मडकं मात्र कायम गार. सर पहिल्यांदा हे पाहून वाकून नमस्कार करते झाले. मडक्याला. पोरीला म्हणाले, "मॅडम, एवढं चांगलं गोदाम कुठे पाहिलं नाही मी."

लेक त्यांना घाबरायची नाही. तिला जे समजत नाही ते ती फाडकन विचारायची. "सर, मग साखर खाल्ली हे त्या पोटातल्या पिंडाला कळतं कसं? त्याला डोळे हायेत का?"

सर खुर्चीवरून उठलेच. "डोळे नाहीत. कान आहेत. दारावर कडी असते ना तशा." त्यांनी आमच्या दाराची कडी वाजवली. "तुमची आई आत भाकरी करतेय. कडी वाजली. आवाजावरून तिला कळतं, वडील आले, का शेजारीण आली, का मी. ती तव्यावरून उठते. पण मी आत येतो का?"

"न्हाई. तुमी उंबऱ्यावरच राहता."

"बरोबर! बाहेरचा बाहेरच राहतो, आतलं माणूस उठतं आणि काम करतं. पेशीच्या अंगावर अशा पुष्कळ कड्या. आतड्याचा निरोप वेगळ्या कडीवर, भीतीचा निरोप वेगळ्या कडीवर. साखर मात्र आगाऊ, ती थेट घरात शिरते. समजलं, ताई?"

"हो सर," मी म्हणाले. मला समजलं नव्हतं. बाहेरचा आत येतच नसेल तर त्याचा उपयोग काय, असं माझ्या मनात आलं. भाकरी करपली ती वेगळीच.

संक्रांतीचं सांगते. माझ्याकडं हळदी-कुंकू होतं. बाया जमलेल्या. सर दारात आले. बायांच्या कार्यक्रमात पुरुष माणूस, सगळ्या पदर ओढून गप्प. सर म्हणाले, "सहा जणी पाहिजेत. दोन मिनिटं."

शेजारची आत्याबाई तोंडाची खमकी. म्हणाली, "सहा जणी कशाला? लगीन लावायलाव का?"

पण उठली पहिली तीच. सहा जणींना सरांनी गोल उभं केलं, हातात हात घालून. "तुम्ही सहा जणी इन्सुलिन. साठवणीच्या पुडीत अशाच एकमेकींना धरून बसता. पण नुसत्या नाही बसत. मधे दोन जस्त लागतं. मॅडम, या." माझी लेक आणि आत्याबाईची नात, दोघींना मधे उभं केलं. बायांनी त्यांच्या खांद्याला टेकायचं. "आता मी साखर!" असं ओरडून सर तिळगुळाची वाटी घेऊन अंगणातून धावत आले. "सुटा! सुटा! रक्तात चला!"

बाया हसत, ओरडत चहूकडं पळाल्या. आत्याबाई तर थेट तिच्या घरी पोचली. अंगणात दोन पोरी उरल्या.

लेक म्हणाली, "सर, आमी कुठं जायचं?"

सर थांबले. वाटी हातातच. "मॅडम, हाच तर प्रश्न आहे. ह्याच्यावर माझी बारा वर्षं गेली. कुणी म्हणतं, उघडं पडलेलं जस्त शेजारच्या पेशीला जाऊन गप्प करतं. कुणी म्हणतं, ते वळून आपल्याच घराची कडी वाजवतं आणि म्हणतं, अजून सोडा. कुणी म्हणतं, नाही, ते म्हणतं पुरे."

"खरं काय मग?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू बक्षीस लागलंय.

त्या दिवशी सगळ्यांनी तिळगूळ खाल्ला. लेकीनं हातात एक लाडू बराच वेळ धरला, मग परत ताटात ठेवला. नंतर मांडीवर टोचताना म्हणाली, "माय, एक इंजेक्शन तरी कमी कर ना. लय दुखायलंय." मांडीवर गाठी झाल्या होत्या. मी बोटानं चाचपल्या. त्या गाठी मला अजून बोटाला लागतात.

आता शेताचं. आमची दोन एकर आहे. त्या साली ज्वारीच्या कोवळ्या पानांवर पांढुरके पट्टे आले होते. मालकाला वाटलं रोग पडला. सर बांधावर आले, पान उन्हात धरलं आणि म्हणाले, "जमिनीत जस्त कमी आहे. रोग नाही, उणीव आहे." त्यांच्या सांगण्यावरून मालकानं कृषी केंद्रातून झिंकची पिशवी आणली. पांढरं, साखरेसारखं खडबडीत. फवारलं. थोड्याच दिवसांत नवी पानं हिरवीगार आली. मी डोळ्यानं पाहिलं. पिशवीतलं मूठभर उरलं होतं, ते मी डब्यात घालून माळ्यावर ठेवलं.

माझ्या डोक्यात हे कसं जुळलं ते मी पुन्हा पुन्हा पाहते. जमिनीत जस्त नाही म्हणून पानं पांढरी, जस्त दिलं की हिरवी. पिंडात जस्त असलं की लाल ठिपके. सहा बाया जस्तावाचून उभ्याच राहत नाहीत. सर कधीतरी असंही म्हणाले होते की त्या बाटलीतल्या औषधात सुद्धा जस्त घातलेलं असतं. मग माझ्या लेकीला कमी काय आहे? मला वाटलं, मला समजलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की मला समजलं आणि डॉक्टरला समजलं नाही.

विचारायला पाहिजे होतं. सर समोरच्या खोलीत, मधे एक उंबरा. पण विचारू कशी? इतके दिवस हो हो म्हटलेलं. आता विचारलं तर कळेल की आधीचं काहीच कळलं नव्हतं.

मी चिमूटभर पूड पाण्यात कालवून लेकीला दिली. संध्याकाळचं इंजेक्शन बंद केलं. तिला सांगितलं, सरांचं औषध आहे. ती खुश झाली. दुसऱ्या दिवशी उलटी झाली, मला वाटलं बाहेरचं खाल्लं असेल. तपासायचं मशीन होतं, पण पट्ट्या संपल्या होत्या. तिसऱ्या दिवशी परत पूड दिली, परत उलटी. चौथ्या दिवशी सकाळचं इंजेक्शनही अर्धंच भरलं, कारण ती जेवलीच नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी ती पलंगावरून उठेना. श्वास मोठमोठा घ्यायला लागली, विहिरीतून पाणी ओढल्यासारखा.

सरांनी कधी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी ओलांडला. श्वासाचा आवाज त्यांना खोलीत ऐकू गेला होता. लेकीच्या तोंडाशी वाकले, वास घेतला. पिकून नासलेल्या फळासारखा वास होता.

"इन्सुलिन दिलं?"

मी मान हलवली. हो म्हणून.

मालक जीप घेऊन पोखर्णीला गेलेले. सरांनी खोलीतून लोखंडी खुर्ची उचलली, रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर जाऊन बसले. पहिली गाडी आली ती खाटकाचीच, मागं बकऱ्या भरलेल्या. खाटकानं करकचून ब्रेक मारला आणि डोकं बाहेर काढलं. "सर, मरायचंय का? आज पिंड न्हाई!"

"पोरगी आहे," सर म्हणाले. "परभणी. लवकर."

खाटकानं बकऱ्या तिथंच आमच्या अंगणात उतरवल्या. परभणीपर्यंत त्यानं हॉर्नवरचा हात काढला नाही.

पोरांचा एक खासगी दवाखाना वाटेत आधी लागतो, तिथं नेलं. आधी पैसे भरा म्हणाले. सरांनी पेन्शनचे भरले. लेकीला आत नेलं, सलाइन लावलं. डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "इंजेक्शन चुकवलं होतं का?" मी म्हणाले, "न्हाई." त्या परत आत गेल्या.

मी बाकावर बसले. सर बाजूला. खूप वेळ ते चमचा हातात फिरवत होते. मग म्हणाले, "ताई, उलट्या कधीपासून?"

मी पदराची गाठ सोडली आणि निघताना बरोबर घेतलेली पूड त्यांच्या हातावर ठेवली. कागदाची लहान पुडी होती. त्यांनी उघडली, बोटानं चोळली. त्यांना ओळखायला दुर्बीण लागली नाही.

"हे? हे शेतातलं?" त्यांचा आवाज चढला. "मी असं कधी सांगितलं?"

"तुमी न्हाई सांगितलं," मी म्हणाले. "मी इचारलं न्हाई."

"इंजेक्शनं?"

"संध्याकाळची बंद केली. सकाळचं अर्धं."

सर उभे राहिले. मला वाटलं निघून जाणार. ते म्हणाले, "उठा. डॉक्टरांना हे आत्ता कळलं पाहिजे. मी नाही सांगणार, तुम्ही सांगायचं. किती चिमटी, किती वेळा, ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी शेजारी उभा राहतो."

मी परक्या माणसासमोर एवढं कधी बोलले नव्हते. डॉक्टर बाई, एक नर्स, कागद हातात घेतलेला कुणी एक माणूस. सगळ्यांसमोर मी सांगितलं. डबा कुठला, चिमटी केवढी, कितीदा, कोणत्या दिवशी काय बंद केलं. डॉक्टर बाई ओरडल्या. मग लिहून घेतलं. मग भरभर आत गेल्या. मी तिथंच भिंतीला धरून उभी राहिले. डोकं हलकं झालं होतं, हे खरं लिहिते.

लेक वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे नीट उघडले आणि आधी विचारलं, "माय, खाटीक काकाच्या बकऱ्या घरी गेल्या का?"

घरी आल्यावर मालक माझ्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत. सरांवर मात्र ओरडले. "भिंतीवर कोळशानं काय काय लिवायलाव तुमी! खोली भाड्यानं दिलीय, फळा न्हाई! ते वाचून हिनं पोरगी मारली असती!"

सर म्हणाले, "बरोबर आहे." आणि भिंतीवरचे सगळे गोल ओल्या फडक्यानं पुसले. मग संध्याकाळी उंबऱ्याशी येऊन मला म्हणाले, "मी आता कशाची उपमा देणार नाही. सरळ सांगतो. मॅडमच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच संपल्या आहेत. तिच्याच शरीरानं त्या मारल्या. जस्त कितीही दिलं तरी काही होणार नाही. धान्यच नाही तर पोत्याचं तोंड शिवायला सुतळी घेऊन काय..." बोलता बोलता थांबले, कपाळावर हात मारला. "दिली परत उपमा."

"ही समजली सर," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघत राहिले. नेहमीसारखं तोंड उतरलं नाही.

मग मी विचारलं. आधी कधी विचारलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं. "म्हणजे माझ्या लेकीच्या पोटात ते लाल ठिपके न्हाईतच का?"

सर म्हणाले, "नसतील. म्हणून बाटली. बाटली कधी सोडायची नाही." आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. भिंत आता रिकामी होती.

दवाखान्यात भरलेले पैसे मी परत द्यायचे ठरवले. पहिल्यांदा डब्यांचे जमलेले घेऊन गेले तेव्हा मनात म्हटलं, ते आता 'राहू द्या' म्हणणार. त्यांनी घेतले, मोजले, परत मोजले, पेटीत टाकले. गावात बोलायला लागले, बघा, गरिबाकडून सुद्धा घेतो. आत्याबाईनं तर तोंडावर म्हटलं, "सर, लेकरू वाचवलं आन् वर पैशे घेता?" सर म्हणाले, "त्या देताहेत." मला त्या माणसाचा राग आला नाही. 'राहू द्या' म्हणणाऱ्यापुढं जन्मभर मान खाली घालावी लागते. सरांपुढं मी सरळ उभी राहू शकत होते.

तेव्हापासून मी त्यांना विचारायला लागले. रोज एक. भाकरी देताना. "सर, कडी वाजवणारा आत येत न्हाई, मग तो मागं फिरून कुठं जातो?" "सर, बाटलीतल्या जस्तानं काय होतं, आन् पोटातल्यानं काय?" ते सांगायचे. मला निम्मं समजायचं आणि उरलेल्या निम्म्याचा नवा गोंधळ व्हायचा. त्यांनीच सांगितलं, न समजलेलं लिहून ठेवत जा. तीच ही वही. बरीच पानं भरलीत. उत्तरं कमी आहेत.

मागच्या दिवाळीनंतर सरांना अर्धांगाचा झटका आला. बहीण येऊन जिंतूरला घेऊन गेली. जाताना पेटी, पोती, दुर्बीण सगळं नेलं. खुर्ची राहिली. पैशांचा शेवटचा हप्ताही राहिला.

मालक म्हणाले, "मी जाऊन देतो." मी म्हणाले, "न्हाई, मी जाते." मी कधी एकटीनं एसटीत बसले नव्हते. जीपनं परभणी, तिथून जिंतूरची गाडी. कंडक्टरला दोनदा विचारलं, गाडी जिंतूरलाच जाते ना. तो म्हणाला, "मावशी, पाटीवर काय लिवलंय?" मी म्हणाले, "वाचलंय. तरी इचारायलेय."

सर ओसरीत पलंगावर बसलेले होते. उजवा हात मांडीवर पडलेला. चमचा खिशात होता. बहिणीनं ओळख करून दिली, ते हसले, पण ओळखीचं हसणं नव्हतं. बहीण म्हणाली, कधी सगळं आठवतं, कधी काही नाही.

मी रुमालातून पैसे काढून त्यांच्या डाव्या हातात ठेवले. त्यांनी नोटांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाले, "मला समजलं नाही."

तीन वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. 'मला माहीत नाही' म्हणायचे, आनंदानं म्हणायचे. हे तसं नव्हतं. डोळ्यांत भीती होती, बाजारात आई हरवलेल्या पोरासारखी.

मी खाली फरशीवर बसले. "काय न्हाई समजलं सर? बसा, सांगते." आणि मी सांगितलं. उपमा दिली नाही. माझी लेक, तिची साखर, मडकं, पूड, माझी चूक, रस्त्यातली खुर्ची, खाटकाची गाडी, तुम्ही भरलेले पैसे. ती आता आठवीत जाणार. सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं टोचून घेते. बाटली मडक्यातच असते. मी इतकं सलग कधी बोलले नसेन. बहीण दारात उभी राहून ऐकत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

सर ऐकत होते. मधेच म्हणाले, "अंगणात दोन पोरी उरल्या होत्या."

"व्हय सर. एक माझी."

"त्या कुठे गेल्या?"

"अजून न्हाई समजलं सर," मी म्हणाले. "लिहून ठेवलंय."

त्यांचा चेहरा उजळला. संक्रांतीला उजळला होता तसा. मग त्यांनी नोटा मांडीवर ठेवल्या आणि डाव्या हातानं, एकेक करून, मोजायला घेतल्या. मधे चुकले, पहिल्यापासून मोजल्या. मी घाई केली नाही. तिसऱ्यांदा बरोबर आल्या. त्यांनी त्या उशीखाली सरकवल्या आणि म्हणाले, "पूर्ण आले."